‘अमुकचे जनुक सापडले’ म्हणजे काय सापडले?

लठ्ठपणाचे जनुक सापडले, नैराश्याचे सापडले, हुशारीचेही सापडले. अशा बातम्या अधूनमधून झळकतात आणि मग थुंकीचा नमुना मागवून भवितव्याचा रंगीत अहवाल पाठवणाऱ्या कंपन्यांचे फावते. पूर्वी पत्रिका काढत, आता हा अहवाल काढतात. या सगळ्यामागची समजूत एकच : एक जनुक, एक गुण. ती चुकीची आहे, आणि तिला खोटे पाडणारा जगभरच्या पाठ्यपुस्तकांतला पुरावा मुंबईतलाच आहे.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. हे रक्त कुणाशीच जुळेना, ‘ओ’शीसुद्धा नाही. आज त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. त्याची उकल अशी. ‘ए’ आणि ‘बी’ ही जनुके रक्तपेशीवर थेट काही उमटवत नाहीत. त्यांची एन्झाइमे पेशीवर आधीच असलेल्या ‘एच’ नावाच्या शर्करा-साखळीला एकेक साखर जोडतात. ती ‘एच’ साखळी पुरी करणारे जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर बसलेले असते. आई आणि वडील दोघांकडूनही ते बिघडलेले आले, तर ‘एच’ तयारच होत नाही. मग ‘बी’ जनुक धडधाकट असले तरी त्याला जोडकाम करायला जागाच उरत नाही.

नेहमीच्या चाचणीत असा माणूस ‘ओ’ ठरतो. पण त्याच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ‘एच’ सर्वांत जास्त असते ते नेमके ‘ओ’ रक्तात. कुणालाही चालणारे म्हणून नावाजलेले ‘ओ’ रक्त याच्या जिवावर बेतू शकते. संसारातही घोटाळा होतो तो वेगळाच. आईवडील दोघेही कागदावर ‘ओ’, आणि मूल ‘बी’! संशय बायकोवर येतो. प्रत्यक्षात दोघांपैकी एक जण बॉम्बे गटाचा असतो. त्याचे झाकलेले ‘बी’ आणि जोडीदाराचे शाबूत ‘एच’ मुलात एकत्र आले एवढेच.

यावर जाणकारांचा आक्षेप आहे आणि तो बातमीदारांच्या उत्साहाइतका पोकळ नाही. ते म्हणतात, अशा गमती अपवादाच्या. उंचीशी जोडलेल्या हजारो जनुकीय फरकांची नुसती बेरीज केली तरी अंदाज बऱ्यापैकी जमतो. दुभत्या गाईंची निवडही बेरजेवरच चालते आणि दूध वाढते. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९१८ साली मांडलेले हे गणित शंभर वर्षे टिकले आहे.

गणित बरोबरच आहे. पण ते कशाचे उत्तर देते? समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाचे. ‘एच’चा बिघाड आपल्याकडे ढोबळमानाने दहा हजारांत एखाद्यात दिसतो, म्हणजे शहराच्या आकडेवारीत त्याचा वाटा शून्यासारखाच येणार. जनुकांची रूपे दुर्मिळ असली की त्यांची परस्परक्रिया बेरजेत विरघळून जाते, हे खुद्द संख्याशास्त्रच सांगते. म्हणून ती क्रिया नसतेच असा निष्कर्ष काढणे म्हणजे सरासरीला शरीर समजणे. रक्त सरासरीला चढवत नाहीत.

सिकलसेलचे पाहा. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घरोघरी ठाऊक आहे. ‘एका जनुकाचा रोग’ म्हणून याच्याइतके चोख उदाहरण नाही : हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बस्स. तरीही हाच बदल दोन्ही बाजूंनी मिळालेल्या दोघांपैकी एक लहानपणापासून वेदनांनी तळमळतो, तर दुसऱ्याचे निदान मोठेपणी होते. पाणी, संसर्ग, उपचार यांचा त्यात वाटा आहेच. पण गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतरही टिकवून धरणारे जनुकीय फरक ज्याच्याकडे आहेत, त्याच्या पेशी कमी वाकड्या होतात.

उत्क्रांतीही हीच संगत पाहते. सिकलसेलची एक प्रत गंभीर मलेरियापासून वाचवते, आल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही वाचवतो. बेरजेने दोन्ही असलेला दुप्पट सुरक्षित हवा. केनियाच्या किलिफी भागातल्या मुलांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले : आल्फा थॅलेसेमिया दोन्ही बाजूंनी आलेल्यांत सिकलसेलचे संरक्षण जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे निसर्गाने ‘चांगले’ ठरवलेले जनुकही शेजार बदलला की निकामी. प्रयोगशाळेतही हेच दिसते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून वाढवलेल्या जिवाणूंच्या बारा वंशांपैकी एकच, सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर, ऑक्सिजन असताना सायट्रेट खायला शिकला. गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्यांपासून पुन्हा सुरुवात केली तेव्हा ही करामत उशिराच्या पिढ्यांनाच साधली, कारण आधीच्या बदलांनी जमीन तयार केली होती.

आता दुसरे टोक. ‘सगळेच इतके गुंतलेले आहे, तर जनुके तपासून उपयोग काय?’ असे म्हणणाऱ्यांचे शहाणपण आळशी आहे. गुंता समजल्यानेच उपाय निघाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेली ‘कॅसजेव्ही’ ही उपचारपद्धती सिकलसेलच्या बिघडलेल्या जनुकाला हातही लावत नाही. ती बीसीएल-११ए या दुसऱ्याच जनुकाचा रक्तपेशींतला अंमल कमी करते. गर्भातल्या हिमोग्लोबिनवर घातलेली बंदी उठते आणि रोग आवरतो. अमेरिकेत तिची किंमत बावीस लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या रुग्णाला ती परवडेल असे करणे हा विज्ञानाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा प्रश्न आहे.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. ‘अमुकचे जनुक’ असा अहवाल हाती आला, तर ते कोणत्या लोकांत आणि कोणत्या इतर जनुकांच्या सोबतीत तपासले, हे विचारा. आणि घरात कुणाचे ‘ओ’ रक्त ‘ओ’शीच जुळत नसेल, किंवा मुलाचा गट आईबापांच्या गटात बसत नसेल, तर कुणावर बोट दाखवण्याआधी रक्तपेढीला ‘एच’ची चाचणी करायला सांगा.