मत कोणाचे मोजायचे?

दुकान लहान असले की एकेका मताचे वजन वाढते. अमेरिकेतील बफेलो परिसरात डिसेंबर २०२१ मध्ये स्टारबक्सच्या तीन दुकानांतील कामगार संघटनेच्या निवडणुकीची मतमोजणी झाली. एल्मवुड अव्हेन्यूवर संघटना १९ विरुद्ध ८ मतांनी जिंकली. दुसऱ्या एका दुकानात मात्र १५ विरुद्ध ९ अशी आघाडी असूनही निकाल अडला. सात मतांवर हरकत होती: हे कामगार याच दुकानाचे, की एरवी दुसरीकडे राबणारे?

त्याआधी कंपनीने परिसरातील सगळ्या दुकानांचे मतदान एकत्र घ्यावे, असा आग्रह धरला होता. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तो मानला नाही, हे योग्यच झाले. जे एकच काउंटर सांभाळतात, अडीअडचणीला एकमेकांची पाळी करतात, त्यांचा निर्णय त्यांनीच घ्यावा.

अर्धवेळ कामगारांना वगळणे तर आम्हाला अजिबात मान्य नाही. तिथला रूढ निकष आधीच्या तिमाहीत आठवड्याला सरासरी चार तास काम, एवढाच आहे. तो तसाच राहावा. पर्यवेक्षकांना १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने बाहेर ठेवले आहे. पण नुसत्या पदनामावर जाऊ नये. ज्याला कोणाला कामावर घेता येत नाही की काढता येत नाही, तो केवळ दुकानाची किल्ली बाळगतो म्हणून मालकाचा माणूस ठरत नाही.