हाली शिक्क्याला भाव किती?

ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं 1952 सालचं एक पुठ्ठ्याचं कार्ड लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. आपल्या पैशात शंभर कोटींच्या घरात! असलं काही वाचलं की घरोघरी आजीची पेटी उघडली जाते. आणि परभणीत आजीच्या पेटीतून निघतो हाली शिक्का.

आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथला रुपया हाली, इंग्रजांचा तो कलदार. 7 हाली दिले की साधारण 6 कलदार मिळत. मीर उस्मान अली खानच्या रुपयावर चारमिनार आहे आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर, म्हणजे उस्मानचं आद्याक्षर. गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या 11.178 ग्रॅमच्या रुपयात चांदी 81.8 टक्के, 1942 पासूनच्या रुपयात निम्मीच! दिसायला दोघे सख्खे भाऊ. त्यामुळे सराफाकडे जायच्या आधी नाण्यावरचा हिजरी सन कुणाकडून तरी वाचून घ्या. 1361 किंवा पुढचा असेल तर चांदी कमी.

पण जुनं म्हणजे दुर्मिळ, हे गणित साफ चूक आहे. हे रुपये लाखोंनी पाडले गेले. बहुतेकांना चांदीपेक्षा थोडाच जास्त भाव येतो. खरा भाव ठरतो तो सन, टांकसाळीतला बारीक फरक आणि नाण्याची अवस्था यांवर. मँटलची बाकीची कार्डंही आहेतच की, पण कोपरे झिजलेल्याला त्या किमतीचा अंशही मिळत नाही. आणि आपण काय करतो? चिंच लावून घासतो! चकचकीत झालेलं नाणं संग्राहक बाजूला सारतो.

दुसरं टोक म्हणजे मोबाईलवरच्या जाहिराती. 'ट्रॅक्टरची पाचची नोट द्या, लाखो घ्या', फक्त आधी 'फी' भरा! रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलंही कमिशन घेत नाही. तरी इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा विचारतात, 'खरं असेल का रे?'

माझं मत विचाराल तर वजनावर हाली मोडणं मला जास्त खटकतं. फीचे चार पैसे पुन्हा कमावता येतील, पण मुशीत गेलेला शिक्का गेला. विकायचाच असेल तर खुशाल विका, पण आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, न घासता. छत्रपती संभाजीनगर-हैदराबादकडच्या दोन जाणकारांना दाखवा, आणि आजीला विचारा की तो पेटीत आला कुठून.