महाडने आसरा दिला. हक्क कोण देणार?

युरोपातल्या शहरांनी निर्वासितांना कसे सामावून घ्यावे, यावर आपल्याकडची मोठी वर्तमानपत्रे रकाने भरून लिहितात. २०१५ साली सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून लाखो माणसे जर्मनीत पोहोचली. बर्लिनच्या टेम्पेलहोफ या बंद पडलेल्या विमानतळाच्या हँगरमध्ये त्यांच्या खाटा लागल्या आणि पुढे तिथेच कंटेनरची घरे उभी राहिली. कंटेनरचे घर म्हटले की रायगडच्या माणसाला बर्लिनला जायची गरज नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दिवशी महाड शहरच सावित्रीच्या पुरात बुडाले होते, त्यामुळे मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे मेली. मंत्री आले, म्हाडा घरे बांधणार अशी घोषणा झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हाही तळीयेचे लोक कंटेनरातच दिवस काढत होते. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी आल्या. दासगावच्या दरडग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले, हे महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

हे लोक कायद्याच्या भाषेत निर्वासित नाहीत, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही. पण घर गेले, शेत गेले, कागद गेले आणि दुसऱ्यांच्या गावात जाऊन ‘आम्हाला जागा द्या’ म्हणायची वेळ आली, की दोघांची अवस्था एकच.

आंबेडकरी माणसाने या प्रश्नाकडे दयेच्या नजरेने पाहू नये. आसरा काय असतो, हे आपल्याला महाडनेच शिकवले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर आता हे वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी आवई उठवून सनातन्यांनी परिषदेच्या मंडपावर आणि गावात विखुरलेल्या आपल्या माणसांवर हल्ला केला. त्या धावपळीत अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. ज्यांना आज सरसकट ‘बाहेरचे’ म्हणण्याची फॅशन आहे, त्यांच्याच दाराआड आपली माणसे वाचली होती, ही गोष्ट २० मार्चच्या किती भाषणांत येते?

पण आसरा रात्रीपुरता असतो. तळ्याचे पाणी नगरपालिकेने १९२४ च्या ठरावाने आधीच खुले केले होते आणि हायकोर्टातला निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत तेवढे अंतर होते.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न फाळणीनंतर देशपातळीवर मांडला. डिसेंबर १९४७ मध्ये कायदामंत्री या नात्याने त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानातून आलेले अस्पृश्य निर्वासित छावण्यांत राहत नव्हते, कारण छावणीचे अधिकारी त्यांच्यात आणि सवर्ण निर्वासितांत भेद करत. आणि धान्य, कपडे यांचा नियम असा की छावणीत राहील त्यालाच मिळेल. म्हणजे भेदभावामुळे छावणी सोडली आणि छावणी सोडली म्हणून मदत गेली. नियमात जातीचा एक शब्द नाही, तरी वगळला गेला तो अस्पृश्यच!

ही यंत्रणा पुढे बंद पडली, असे कोणी समजू नये. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर जातवार वेगळ्या छावण्या झाल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या छावण्यांतून दलितांना हुसकावल्याच्या आणि पाण्याच्या टाकीला हात लावू न दिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. समुद्राने जात पाहिली नव्हती.

यानंतर आलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये मदत देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई आहे. चांगले कलम आहे. पण हा कायदा तात्पुरता निवारा, अन्न, पाणी, औषध यांच्या किमान दर्जाविषयी बोलतो. कायमच्या घराचा हक्क देत नाही. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्रात १९७६ पासून पुनर्वसनाचे कायदे आहेत. दरडग्रस्ताच्या वाट्याला मात्र शासन निर्णय आणि मंत्र्यांची घोषणा.

जर्मनी हा काही आदर्श नव्हे, तिथेही निर्वासितांच्या वसतिगृहांना आगी लावल्या गेल्या. पण कोणत्या प्रांताने किती माणसे घ्यायची, याचे सूत्र तिथे संकटाच्या आधीच ठरलेले असते: दोन तृतीयांश वजन कराच्या उत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. आपल्याकडे दरड पडल्यावर जागा शोधायला सुरुवात होते. मग खासगी जमीन, वनखात्याची परवानगी, मोजणी, पाण्याची सोय, आणि दरम्यान पोरांची शाळा सुटते.

या यादीतून सर्वांत आधी कोण गळतो? ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावरचे कातकरी कुटुंब दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहते, घरपट्टीच्या पावतीवर त्याचे नाव नसते आणि दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर गेलेले असते. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा घर बंद. बौद्धवाडीतही घर आजोबांच्या नावाने, वारस मुंबईच्या चाळीत, असे प्रकार थोडे नाहीत. १९४७ च्या त्या नियमाची ही आजची आवृत्ती आहे. इर्शाळवाडीचे तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नाव नव्हते; आदिवासी ठाकरांची ती वाडी कोसळल्यावर सरकारला दिसली.

२० मार्चला लाखो समाजबांधव महाडला येतात. त्या दिवशी तहसील कचेरीकडे तीन गोष्टी मागता येतील. दोन्ही तालुक्यांतील दरडप्रवण वाड्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी. त्या यादीत बौद्धवाड्या आणि आदिवासी वाड्या किती, ते वेगळे सांगावे. आणि घरपट्टी नसलेल्या कुटुंबांचा पंचनामा दरड पडण्याआधी, पावसाच्या अगोदर, एप्रिल-मेमध्ये व्हावा.