वाट, स्मृती आणि संप्रेरके

नाशिकच्या सराफ बाजारापासून भद्रकालीपर्यंतच्या गल्ल्यांत नवखा पाहुणा हमखास वाट चुकतो. तेथील व्यापाऱ्याला मात्र कोणती पेढी कोणत्या वळणावर आहे, हे आठवावे लागत नाही. जागेची ही स्मृती घडविण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या लहानशा भागाचा मोठा वाटा असतो. तेथील काही पेशी विशिष्ट जागी पोहोचल्यावरच चेतवल्या जातात, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. २०१४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, तो याच कार्यासाठी.

इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके केवळ प्रजननाशी निगडित आहेत, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दोन्ही संप्रेरके स्त्री व पुरुष उभयतांच्या शरीरात असतात, भेद प्रमाणाचा. मादी उंदरांमध्ये इस्ट्रोजेनच्या चढउताराबरोबर हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या जोडण्याही काही दिवसांतच वाढतात आणि घटतात.

माणसांत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्यात पुरुषांची सरासरी वरचढ आढळते, तर वस्तू कोठे ठेवली हे स्मरण्यात स्त्रियांची. परंतु हे सारे संप्रेरकांचेच कर्तृत्व मानता येत नाही. ईशान्य भारतातील कार्बी व खासी समाजांत केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पितृसत्ताक कार्बींमध्ये तुकडे जुळविण्याचे कोडे पुरुषांनी लवकर सोडविले. संपत्तीचा वारसा मुलीकडे जाणाऱ्या खासींमध्ये हा फरक जवळजवळ दिसलाच नाही. कन्येला गोदाम, मालाची मांडणी व खरेदीचा प्रवास यांपासून दूर ठेवायचे आणि मग तिला यातले कळत नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा प्रसंग गृहिणीच्या पन्नाशीच्या आसपास येतो. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन घटते, झोप मोडते. किल्ली कोठे ठेवली, नवे नाव काय, हे चटकन आठवत नाही. अनेकींच्या बाबतीत हा विसर तात्पुरता असतो. अशा वेळी तिच्या हातून हिशेबाची वही काढून घेणे हा उपाय नव्हे. मात्र नेहमीची वाट चुकणे, व्यवहार न उमगणे असे होऊ लागल्यास वैद्यकीय तपासणी टाळू नये.

स्मृतीसाठी म्हणून संप्रेरकाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. ६५ वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट झाल्याचे २००३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत आढळले. वृद्ध पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन देऊनही स्मृती सुधारली नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. अन्य त्रासांसाठी डॉक्टरांनी हे औषध सुचविलेच, तर त्याचा उगम अवश्य विचारावा: काही इस्ट्रोजेन गोळ्या गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनतात, वनस्पतिजन्य घटकांपासून तयार केलेले पर्यायही उपलब्ध आहेत. अहिंसाव्रती कुटुंबाला हा प्रश्न विचारताना संकोच वाटू नये.

आपल्या शास्त्रांत मतिज्ञानाच्या अवग्रह, ईहा, अवाय व धारणा अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. धारणा, म्हणजे जाणलेले टिकवून ठेवणे, ही शेवटची पायरी. आधीच्या तिन्ही पायऱ्या चढल्यावाचून ती येत नाही. घरातील कन्येला व मातेला त्या चढण्याची संधी देणे आपल्या हाती आहे.