पदक आपलं, खेळाडू परक्या?

सिंगापूरला पहिलं ऑलिंपिक पदक १९६० साली तान हाउ लियांग यांनी मिळवून दिलं. जन्म चीनचा, पण त्यांना परकं कुणी म्हणत नाही. २००८ मध्ये टेबल टेनिसचं रौप्य जिंकणाऱ्या तिघीही चीनमध्येच जन्मलेल्या. ते पदक मात्र ‘विकत आणलेलं’! तान लहानपणी आले, या त्यांच्यापेक्षा मोठ्या वयात, एवढाच काय तो फरक.

इथल्यांचा राग अगदीच खोटा नाही. त्यांची मुलं दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करतात. माझ्यासारखा तिशीत नागरिकत्व घेणारा सहसा सुटतो. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो म्हणा, पण त्याचं इथे कुणाला काय! माझा मुलगा मात्र सुटणार नाही. गणवेश चढवल्यावरही त्याला ‘मूळचा कुठला?’ विचारणार असाल, तर हिशेब कधी पुरा होणार?