पनवेलजवळ पावसाळी ट्रेक: कर्नाळा की कलावंतीण?

रीलमध्ये कलावंतीण दुर्गाच्या खड्या पायऱ्या भन्नाट दिसतात. पण कातळात कोरलेल्या याच पायऱ्या पावसात निसरड्या होतात आणि धरायला कठडाही नाही. मग पर्याय काय?

मुंबई-गोवा महामार्गालगतचं कर्नाळा पक्षी अभयारण्य. इथे किल्ला न चढताही जंगलातल्या पायवाटांवर भटकता येतं.

मात्र धोका फक्त कड्यावरच असतो असं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

म्हणून निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा आणि प्रशासनाचे बंदी आदेश तपासा. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल, तर कुठलाच डोंगर नको. कलावंतीण हिवाळ्यातही तिथेच असेल.