मित्रांचा खेळ, परक्यांचा डाव

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने आपल्या मित्रांपुढे एक खेळ मांडला. बेसबॉलच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंचा लटका लिलाव करावयाचा, ठरलेल्या रकमेत ज्याने त्याने आपला संघ बांधावयाचा, आणि मैदानावर ते खेळाडू जी कामगिरी करतील तिचा हिशेब हंगामभर ठेवावयाचा. ही मंडळी ज्या उपाहारगृहात जमत त्यावरून या खेळाला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. थोडा पैसा तेथेही होता. पण तो मित्रांमित्रांतच फिरे, आणि हरणाऱ्याची थट्टा पुढल्या हंगामापर्यंत पुरे.

आपल्याकडील फँटसी क्रिकेट त्याच कुळातले. दोन्ही संघांतून ११ खेळाडू निवडावयाचे, त्यासाठी १०० अंकांची काल्पनिक पुंजी. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. खेळपट्टी आणि खेळाडू यांची जाण असणारा येथे सरस ठरतो, यात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ साली हा कौशल्याचा खेळ मानला. तथापि हंगामाचा खेळ एका संध्याकाळीत आकसला, सवंगड्यांच्या जागी लक्षावधी अनोळखी माणसे आली आणि प्रत्येकाच्या शुल्कातून चालकाचा वाटा आधीच निघू लागला. सर्वांनी मिळून भरले त्याहून सर्वांना मिळून कमीच परत मिळणार, हे गणित शाळकरी मुलालाही सुटावे. कोटीच्या बक्षिसाची जाहिरात पाहणाऱ्या कारकुनाला मात्र ते पगार संपल्यावर सुटे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा वादच कायद्याने बाजूस सारला. शिक्षा चालविणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाही, हे उचितच झाले.

पण म्हणून मूळ खेळाला कलंक लावण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील प्रीमियर लीगचा असाच फुटबॉलचा खेळ विनामूल्य आहे : १५ खेळाडू, १० कोटी पौंडांची काल्पनिक तिजोरी, एका क्लबातून फार तर तिघे. त्यात मित्र आपली निराळी लीग काढतात. खरे तर यंत्राचीही गरज नाही. शाळेच्या शिक्षकदालनातील आठ जण एक वही घालून रणजी हंगामाचा लिलाव मांडू शकतात. मग विदर्भाच्या ज्या फिरकी गोलंदाजाचे नावही कालवर कोणास ठाऊक नव्हते, त्याने आज किती बळी घेतले हे पाहण्यासाठी धावफलकाची बारीक अक्षरे मधल्या सुट्टीत चष्मा लावून वाचली जातील.